खिडकीतले रुकोकाका

रुकोकाका औषध द्यायचे, पण सोडायचे नाहीत. गोळ्यांच्या स्ट्रिपचं एक टोक खिडकीबाहेरच्या माणसाच्या हातात, दुसरं काकांच्या चिमटीत. तो माणूस ओढतोय आणि काका धरून बसले आहेत. "रुको. नाम बताओ. किस बीमारी की गोली है?" समोरच्याने स्वतःचं नाव आणि आपल्याला काय झालंय हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मगच चिमूट सुटायची. कोणी खेकसला, "पर्चे में लिखा तो है," तर काका तेवढ्याच शांतपणे म्हणत, "पर्चा बीमार नहीं है ना, भैया." मागे लाइनीत शिव्यांची सुरुवात झालेली असे. काका पुढच्याला म्हणत, "रुको."

रायपूरच्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ते मुख्य फार्मासिस्ट होते. नागपूरहून बी.फार्म. होऊन आलेले, अंगाने काटक, आवाजाने मात्र दणकट. घराणं इथलंच जुनं. "आमचे पूर्वज भोसल्याइच्या फौजेसंग आले, अन् परत जाचं राहून गेलं," असं ते सांगत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी बाबूला तेवढं आठवे. बाकी डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांचे ते रुकोकाका. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याही हातातली स्ट्रिप त्यांनी अशीच धरून ठेवली होती. "नाव सांग." म्हटलं, "काका, मी पेशंट नाही, तुमच्या हाताखाली आलेली नवीन मुलगी आहे." ते म्हणाले, "मंग तर अजूनच सांग."

ही खोड घरीही होती. सदर बाजारात काकू पोत गाठवायला गेल्या, तेव्हा काकांनी सोनाराकडून "किसका है, क्या करना है" हे दोनदा वदवून घेतलं. सोनाराने हात जोडले. काकू आम्हाला हसत हसत सांगायच्या, "अंतरपाट दूर झाला तवा यायनं माळ घालाच्या आधी माहं नाव इचारलं असन, बाजाच्या आवाजात मले आयकू आलं नसन." काका मान खाली घालून चहा पीत. तसा हा माणूस चेष्टा सोसणारा होता. भांडायचा तो एकाच गोष्टीसाठी, आणि ते भांडण तो जन्मभर हरत आला.

त्यांच्या औषधांच्या अलमारीकडे पाहिलं तर एखाद्या किराणा दुकानाची आठवण व्हावी. बर्फीचा डबा, बिस्किटांचा चौकोनी डबा, चहाचा पिवळा, एक उंच गोल डबा कसला होता देव जाणे. एकासारखा दुसरा नाही. सुट्या गोळ्या त्यांत ठेवलेल्या. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "काका, काय हे ध्यान! जरा एकसारखे डबे घेऊ या ना." त्यांनी मला समोर बसवलं. "हे पाह्य पोरी. दुपारपर्यंत डोळे थकून जाते. मंग हातच काम करते, अन् हाताले वाचता येत नाही. त्याले डबा ओळखू आला पाहिजे. बर्फीच्या डब्याले बिस्किटाचं झाकण बसते काय? नाही बसत. मंग चूक होऊन होऊन किती होईन?" मी हो म्हटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला कंजूषपणाला चांगलं कारण सापडलंय. पुढे काम करता करता माझाही हात न पाहता बरोबर डब्यावर जाऊ लागला.

मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं. शहरभर पाट्या बदलल्या, लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या, आणि सगळ्या राज्याचं दुखणं आमच्या खिडकीशी येऊन उभं राहिलं. बस्तरपासून, सरगुज्यापासून माणसं यायची. माणसं वाढली, पण खिडकीतले हात वाढले नाहीत. उलट वाटणीत आमचे काही लोक भोपाळकडे राहिले आणि त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. गोळ्यांच्या एका खिडकीवर काका, इंजेक्शनं आणि वॉर्डांच्या खिडकीवर मी. एकाने काढायचं आणि दुसऱ्याने पाहून द्यायचं, अशी काकांची जुनी पद्धत होती. ती बंद पडली, कारण दुसरा उरलाच नाही.

लाइन फाटकापर्यंत जाऊ लागली तेव्हा साहेबांनी, म्हणजे दवाखान्याच्या अधीक्षकांनी, हुकूम काढला की स्ट्रिपा सकाळीच कापून ठेवा. ज्याने कधी कात्रीने स्ट्रिप कापली आहे त्याला कळेल यात काय गोम आहे. औषधाचं नाव स्ट्रिपवर एका टोकाशी छापलेलं. पाच-पाच गोळ्यांचे तुकडे केले की नाव एका तुकड्यावर राहतं, दुसरा तुकडा मुका. चांदीच्या कागदातल्या पांढऱ्या गोळ्या, बस. रक्तदाबाची तशीच आणि साखरेची, म्हणजे मधुमेहाची, तशीच. काका साहेबांकडे जाऊन आले, पुन्हा गेले, चिडून गेले, हात जोडून गेले. "एक आदमी दे दीजिए, साहब. सिर्फ देखने के लिए." साहेब म्हणाले, "देखने के लिए आप हैं तो." साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे द्यायला माणूसच नव्हता, आणि ते कबूल करण्याची सोय नव्हती.

अखेर काका कापायला लागले. सकाळी खिडकी उघडण्याआधी कात्रीचा कचकच आवाज यायचा आणि ते स्वतःशीच पुटपुटायचे, "चुकीचं करून राहिलो. चुकीचं करून राहिलो." मी म्हणायची, "काका, डबे तर आहेत ना आपले." ते म्हणायचे, "हव. डबेच आहेत आता."

त्या वर्षी दिवाळीनंतर कोणी मोठे पाहुणे राजधानीचा दवाखाना पाहायला येणार होते. साहेबांनी औषधांच्या खोलीत पाऊल टाकलं, बर्फीचा डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा कडू झाला. पंडरीच्या बाजारातून एकसारखे पांढरे प्लास्टिकचे डबे आले. निळी झाकणं, झाकणांवर सुबक चिठ्ठ्या. काकांनी अक्षरशः दारात आडवे हात लावले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "साहब, सब एक जैसा मत कीजिए. आदमी मर जाएगा." साहेब हसले. "डिब्बे से कोई मरता है क्या? राजधानी है भई, कुछ तो शोभा दे." जुने डबे भंगारात गेले. काकांनी दुपारच्या जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला.

दिवाळीची सफाई आमच्याकडे दरवर्षी असायची. अलमारी रिकामी करून धुवायची, डबे घासायचे, वऱ्हांड्यात उन्हात वाळवायचे, मग परत भरून लक्ष्मीपूजनाला खिडकीला झेंडूचं तोरण. त्या वर्षीही सफाईच्या बायकांनी गोळ्या कागदाच्या पिशव्यांत काढल्या, डबे घासले, पुन्हा भरले. झाकणं एका रांगेत वाळत घातली होती. ती सगळी एकाच मापाची, कोणतंही कशालाही बसणारी. त्या बायकांनी सगळं निगुतीने लावलं, डब्यांची रांग सुतात आणली. त्यांना मी आजही बोल लावत नाही.

सुट्टी संपून खिडकी उघडली तेव्हा बाहेर जत्रा होती. काका एकटे. दुपारी गर्दी ओसरल्यावर ते रक्तदाबाच्या डब्यात नव्या स्ट्रिपा भरायला बसले. तळाचा एक तुकडा त्यांच्या हाती आला, ज्यावर योगायोगाने नाव शिल्लक होतं. ते नाव साखरेच्या गोळीचं होतं. मी पलीकडच्या खिडकीत होते. मला फक्त खुर्ची पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर काका उभे होते आणि त्यांच्या ओठांवर रंग नव्हता. "पोरी, झाकणं. झाकणं बदलली."

सकाळपासून त्या डब्यातून कोणाकोणाला दिलं, ते त्यांना आठवलं. नावं विचारली होती ना. तिघेजण होते. साखरेच्या डब्याला सकाळपासून हात लागला नव्हता. काका चपला न घालता आवारात धावले. एक बाई कडुलिंबाखाली भात खात बसली होती, तिच्या पिशवीतून त्यांनी गोळ्या हिसकावून घेतल्या. ती ओरडायलाच लागली. एक म्हातारा सायकल रिक्षात चढत होता, त्याला अर्ध्या रस्त्यात गाठलं. तिसरा बुधराम. त्याची सून औषध घेऊन कधीच गेली होती. दवाखान्याच्या नोंदवहीत पत्ता एवढाच की गुढियारी, स्टेशनापलीकडची मोठी वस्ती.

रक्तदाबाच्या जागी साखर उतरवणारी गोळी, म्हाताऱ्या माणसाला, आणि तीही बहुधा अर्ध्या पोटावर. आम्हा दोघांना काय होणार ते माहीत होतं. माहीत असणं किती भयंकर असतं ते मला त्या दुपारी कळलं. मी मागे बसले, काकांनी स्कूटर काढली. गुढियारीत मालधक्क्याच्या मागे घरांना घर लागलेलं, गल्लीत स्कूटर जाईना. काका पायी निघाले आणि पारापारात, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यात, उभे राहून ओरडू लागले, "बुधराम! बुधराम कौन है?" आणि बुधराम निघाले. "हव, मैंच आंव बुधराम," म्हणत एक हमाल आला. एक चहावाला आला. एक पोरगेलासा बुधराम पत्ते टाकून उठून आला. सगळे धडधाकट. काका प्रत्येकाला आशेने पाहायचे आणि "आप नहीं, भैया, आप नहीं," म्हणून पुढे पळायचे. लोक हसत होते. त्यांना वाटलं म्हातारा प्यायलाय.

आम्हाला हवा असलेला बुधराम गुढियारीचा नव्हताच. तो बेमेतराकडच्या खेड्यातून उपचारासाठी मुलाकडे आला होता. शेजाऱ्यांना मुलाचं नाव माहीत, बापाचं नाही. अंधार पडला तसे लोक दारं लावू लागले. मी काकांना म्हटलं, "काका, आता घरी चला. कदाचित त्याने गोळी घेतलीच नसेल." ते माझ्याकडे असे पाहू लागले की मला माझीच लाज वाटली. "तिनं मले सांगतलं, रात्री जेवल्यावर अन् सकाळी एक. मीच समजावून सांगतलं तिले. ती बराबर देईन." रडू आवरत नव्हतं त्यांना.

सकाळी उजाडताच आम्ही पुन्हा तिथे होतो. नळावरच्या एका बाईने सांगितलं, मालधक्क्यावरच्या सुकालूच्या घरी कोणी सियान, म्हणजे वडीलधारा माणूस, आलेला आहे. आम्ही पोचलो तेव्हा सून दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ददा सुते हे." झोपलेत. सकाळची गोळी तिने हलवून जागं करून, पाण्याबरोबर दिली होती. खाटेवर म्हातारा घामाने निथळत होता आणि हाक मारली तर ओ देत नव्हता. काकांनी त्याच्या हिरडीला साखर चोळली, त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि त्या गल्लीतून रस्त्यापर्यंत आणलं. एवढं बळ त्यांच्यात कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही.

बुधराम उठला नाही. सलाइनमधून ग्लुकोज गेलं, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती. काही दिवस श्वास चालू राहिला, मग तोही थांबला. तोवर काका ड्यूटी संपली की त्याच्या खाटेशी जाऊन बसत. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "बूढ़ा आदमी था, बीपी था. आप चुप रहिए, मैं संभाल लूंगा." मला वाटतं ते खरंच काकांना वाचवू पाहत होते. काका तिथून सरळ वॉर्डात आले आणि सुनेसमोर जमिनीवर बसले. "नोनी, मोर हाथ ले गलती होय हे. बुधराम मोर गोली ले गे हे." पोरी, माझ्या हातून चूक झाली, बुधराम माझ्या गोळीने गेला.

ती मग म्हणाली, "तुमन पूछे रहेव. मैं बताय रहेंव." तुम्ही विचारलं होतं, मी सांगितलंही होतं. "फेर कइसे होगे?" मग झालं कसं? तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांनी डबे, झाकणं, कात्री, सगळं तिला सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती. शेवटी तिने पदर डोळ्यांना लावला आणि ती तोंड फिरवून बसली.

त्या प्रश्नाने काकांना झपाटलं. चौकशी बसली. काकांनी चूक पहिल्याच वाक्यात कबूल केली, पुढची सगळी वाक्यं एकाच गोष्टीसाठी होती. मी साक्षीला होते, म्हणून मी ती ऐकली. "मुझे निकाल दीजिए, साहब. पर क्यों हुआ, वो लिख दीजिए. स्ट्रिप काटकर मत रखवाइए. नाम ढक्कन पर मत लिखवाइए. एक आदमी और दीजिए. इतना लिख दीजिए बस." समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "वो सब प्रशासनिक बातें हैं. हमें सिर्फ यह देखना है कि गोली किसने दी." काका म्हणाले, "मैंने दी. पर मेरे बाद जो बैठेगा, वो भी देगा." तेवढ्यात चहा आला.

अहवालात एकच शब्द होता, लापरवाही. त्यापुढे काकांचं खरं नाव. सूचना फलकावर ते लागलं तेव्हा अर्ध्या दवाखान्याला हा माणूस कोण ते कळेना. काकांनी फलकासमोर उभं राहून तो कागद परत परत वाचला. मग मला म्हणाले, "मले काढलं, ते बराबर केलं. पण आता त्याइले वाटते काम झालं. अलमारी तर तिथंच आहे ना, पोरी." त्याच दिवशी त्यांनी सामान उचललं. त्यांच्या जागी भिलाईहून एक चांगला, मेहनती माणूस आला आणि सकाळी कात्री घेऊन कापायला बसला.

नंतरची काही वर्षं आठवली की मला अजून संताप येतो. काका कचेऱ्या फिरत राहिले. नोकरी परत मागायला नाही, तो अहवाल पुरा करा म्हणून. नव्या राज्यात कचेऱ्या सारख्या जागा बदलत. आज या बंगल्यात, उद्या त्या इमारतीत. एका साहेबाला सगळं समजावून सांगितलं की त्याची बदली व्हायची. काही जण त्यांना पेन्शनसाठी खेटे घालणारा समजून धीर द्यायचे. ते अजून खचायचे. संध्याकाळी आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे, आणि शाळेतल्या पोराला विचारावं तसं मला विचारायचे, "आज कापून ठेवल्या काय?" मी होकाराची मान हलवायची. ते उठून जायचे.

मग त्यांचं पोट बिघडलं, अन्न जाईना, आणि ते आमच्याच दवाखान्यात भरती झाले. मी रोज वॉर्डात जायची. एकदा काकू भाकरी आणायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "खरं सांग. मी निष्काळजी होतो काय?" मी म्हटलं, "नाही काका. तुमच्यासारखा काळजीचा माणूस मी पाहिला नाही." म्हणाले, "मंग तसं लिहिलं काहून त्याइनं?" मी नुसती रडले. मला धीर देतील असं वाटलं होतं, पण त्यांनी दिला नाही. ते भिंतीकडे पाहत राहिले. त्याच आजारात ते गेले.

आता ती खोली माझ्याकडे आहे. माझ्या हाती आल्या दिवसापासून मी तिथे कात्री ठेवलेली नाही. जी स्ट्रिप द्यायची ती पेशंटच्या डोळ्यांसमोर फाडायची, नाव त्याच्याकडे राहील अशी. उरलेल्या तुकड्यावर तिथेच पेनाने नाव लिहायचं. एक मुलगी काढते, दुसरी पाहते. दुसरी मी वॉर्डांच्या खिडकीवरून उचललेली आहे, त्यामुळे तिकडचे लोक माझ्या नावाने खडे फोडतात. लाइन फाटकाबाहेर जाते. लोक शिव्या देतात, त्यांचंही बरोबरच आहे, त्यांना उन्हात उभं राहावं लागतं. आणि जो नवा अधीक्षक येतो तो पहिल्याच महिन्यात मला बोलावतो. "मॅडम, इतनी लंबी लाइन क्यों? किस आदेश से ये सब चल रहा है?"

मी सांगते, आदेश नाही साहेब, एक माणूस मेला आहे. बुधराम त्याचं नाव, बेमेतराकडून मुलाकडे आला होता. मग मी झाकणांचं सांगते, कात्रीचं सांगते, सुनेने काय विचारलं ते सांगते. साहेब फाइल उघडून पाहतात. तिथे एक शब्द आणि एक अनोळखी नाव. "यहाँ तो ऐसा कुछ नहीं लिखा." मी म्हणते, म्हणून तर तोंडाने सांगते आहे. तुम्ही लिहून द्या, मी बोलायची थांबेन. कितीतरी साहेब आले नि गेले. अजून कोणी लिहून दिलेलं नाही.